सहावी बाजू

तबकडीची एक बाजू तीन मिनिटं दहा सेकंद चालते. हे मी घड्याळ लावून सहा वेळा मोजलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो. पुढे जे सांगणार आहे त्याबद्दल माझी तेवढी खात्री नाही.

१९५६ च्या फेब्रुवारीत मला मंगरूळपीरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून आठ महिने झाले होते. एका दुपारी इंद्रभान शाळेत आला. अकोल्याला त्याचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान होतं आणि आमच्या घराशी लांबचं नातं होतं. त्याने मला वर्गातून बाहेर बोलावलं.

"जगदेव, तू आवाजाचं शिकला ना रे?"

"आवाजाचं म्हणजे?"

"आता मले काय मालूम! कालेजात शिकवतात ते. मले एक खोली पाह्यजे, जिच्यात आवाज घुमत नाई."

मुंबईची एक कंपनी हिरीबाईचा अल्बम काढणार होती. अल्बम म्हणजे तीन तबकड्या, सहा बाजू, आणि त्यांना पुस्तकासारखं पुठ्ठ्याचं वेष्टन. तोपर्यंत मी असा अल्बम एकदाच पाहिला होता, तोही काचेच्या कपाटात.

हिरीबाई मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यातली. पस्तिशीची असेल. पोहरादेवीच्या जत्रेत तिचा नवरा लालसिंग डफडं वाजवायचा आणि ती गायला उभी राहायची, तेव्हा पाळण्यांपुढची रांग मोडून लोक तिच्याकडे वळायचे. आमच्या भागात बसची वाट पाहणारा माणूससुद्धा तिचं गाणं गुणगुणत असायचा. कंपनीने तिला मुंबईला बोलावलं, तर तिने निरोप पाठवला की तूर काढायची आहे. मग कंपनीनेच यंत्र आणि यंत्रासोबत एक साहेब पाठवला.

मी जिनिंगचं गोदाम सुचवलं. तीन बाजूंनी रुईच्या गाठी छपरापर्यंत रचलेल्या होत्या. आत टाळी वाजवली तर ती आपण वाजवलीच नाही असं वाटायचं. साहेबांनी चार ठिकाणी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "याच्यासाठी आम्ही मुंबईत भिंतींना काय काय ठोकत बसतो." मी फार खूश झालो. जिनिंगचं इंजिन बंद ठेवायचं ठरलं, यंत्र बॅटऱ्यांवर चालणार होतं, आणि घड्याळ माझ्याकडे होतं. तीन मिनिटं झाली की मी हात वर करायचा.

संध्याकाळपर्यंत पाच बाजू झाल्या. मी हात वर केला की हिरीबाई गाणं कुठेही असलं तरी दोन ओळींत असं उतरवून आणायची, की ते तिथेच संपायचं होतं असं वाटावं. मी विचारलं, हे कसं जमतं?

"जत्रेत बैल उधळला तं गाणं संपवाच लागते ना जी," ती म्हणाली.

सहावी बाजू उरली. पाचही गाणी उडती झाली, एक काळजाला भिडणारं हवं, असं साहेब म्हणाले. लालसिंग डफडं शेकता शेकता सहज बोलून गेला, "ढावलो म्हन ना."

हिरीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "ते का गानं हाय?"

ढावलो म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. तांड्यातली मुलगी सासरी निघते, तेव्हा आईच्या, बापाच्या, भावाच्या, मामाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. पुढेही माहेरचं माणूस खूप दिवसांनी भेटलं की बायका तसंच रडतात.

"रडाले समोर मानूस लागते," हिरीबाई म्हणाली. मग तिने मायक्रोफोनकडे बोट केलं. "का या डबड्यापुढं रडू मी?"

लालसिंगने मला बाहेर नेलं. "मास्तर, तिचा एकच भाऊ. धरमसिंग. शिरपूरच्या अंगाच्या तांड्यात राह्यते. आठ वर्सं झाले, बहिणीच्या दारात आला नाई. ते जत्रेत गाऊ लागली तवा म्हने, चार गावच्या लोकायपुढं उभी राह्यते ते माही बहीण नाई. आता पुढच्या साली वैशाखात आमच्या कमलीचं लगन हाय. मामा नसला तं पोरगी कोनाच्या गळ्यात पडन? हिले दिवसभर तेच लागून राह्यलं. तबकडीत त्याचं नाव घेऊन रडली, अन् त्यानं कोठीतरी ऐकलं, तं... मानूसच हाय ना तो बी."

"मग तिला सांगा तसं."

"तिले मालूम हाय. भावाच्या जागी कोनी उभं तं राह्यलं पाह्यजे."

आत लालसिंगची आई मोतीबाई होती, सकाळीच सुनेसोबत आलेली. दिवसभर एका गाठीला टेकून ती तंबाखू मळत बसली होती. तिने उभं कोणाला करायचं ते ठरवायला घेतलं. साहेबांकडे बघून मान हलवली. इंद्रभानकडे बघून म्हणाली, "हा दुकानदार. याच्यापुढं रडून काय फायदा?" मग माझ्यावर नजर थांबली. "हा मास्तर बरा हाय. तोंडच भावासारखं हाय. याले काईच समजत नाई."

सगळे हसले. मीही हसलो.

भावाच्या खांद्यावर कापड हवं, बहीण त्याचा पदर धरून रडते. लालसिंग लगेच आपला पटका सोडायला लागला, तर मोतीबाई ओरडली, "नवऱ्याचा पटका भावाच्या खांद्यावर? अकल चराले गेली का रे तुही?" शेवटी आईने भाकरी बांधून दिलेला पंचा मी झटकून खांद्यावर टाकला. मोतीबाईने मला सांगितलं, "ते रडन. तू मधात बोलू नको. बस कराचं असन तवा तिच्या डोक्शावर हात ठेव अन् म्हन, रडू नको बाई, मी येतो न्याले. तसं म्हटल्याबिगर ढावलो थांबत नाई."

माझ्या दृष्टीने ते एक बटण होतं. मी मनात आकडे मांडले. वाक्याला पाच सेकंद लागतील, तेव्हा तीन मिनिटं पाच सेकंदांनी हात ठेवायचा.

हिरीबाईने पंचाचं टोक धरलं. मग जो आवाज निघाला तो दिवसभर ऐकलेला नव्हता. तिच्या बोलीतले सगळे शब्द मला कळत नव्हते. बापाच्या दारचा लिंब कळला. पुरात भावाने खांद्यावर बसवून नदी ओलांडून नेलं, ते कळलं. धरमसिंगचं नाव तीनदा आलं. माझे डोळे का भरून आले ते सांगता येत नाही. मला भाऊ नाही, बहीण नाही, आणि आमच्या दारात लिंबही नाही. तीन मिनिटं पाच सेकंदांनी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "रडू नको बाई, मी येतो न्याले."

ती जागच्या जागी थांबली. साहेबांनी यंत्र बंद केलं. तीन मिनिटं दहा सेकंद.

"एक नंबर!" साहेब म्हणाले.

हिरीबाईने पंचाने तोंड पुसलं, त्याची घडी केली आणि कमरेला खोचली. मला वाटलं, जाताना परत देईल. निघताना मोतीबाई माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "आठवन ठेवजो मास्तर." कशाची, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

अल्बम दिवाळीत आला. वेष्टनावर मुंबईच्या चित्रकाराने समुद्राकाठी नारळाखाली घागर घेऊन उभी असलेली एक बाई काढली होती. हिरीबाईने ते चित्र पाहून "हे कोन व?" असं विचारलं म्हणे. इंद्रभानकडचा पहिला माल आठ दिवसांत संपला. अकोल्याच्या एका साप्ताहिकाने लिहिलं की पाच गाणी झकास आहेत, पण सहाव्या बाजूला निव्वळ रडारड असून शेवटी एक अनावश्यक पुरुषी आवाज आहे. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. छापून आलेला माझा तेवढाच उल्लेख.

लोकांना मात्र सहावी बाजूच हवी होती. मंगरूळच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात ती दिवसातून दहा वेळा लागायची. हिरीबाई रडत असेपर्यंत सगळे गप्प, आणि शेवटी गिऱ्हाइकं एका सुरात ओरडायची, "मी येतो न्याले!" मी दारावरून गेलो की आतून कोणीतरी विचारायचं, "मास्तर, कधी जाता मंग?"

एक माझी आई, चतुराबाई, हसली नाही. पंचा कुठे गेला हे तिला आता कळलं होतं.

"म्हटलं ना तू तिले?"

"आई, ते रेकॉर्डसाठी होतं."

"मंग? रेकॉर्डनं ऐकलं नाई का?"

मी वहीत लिहून ठेवलं: एखादं वाक्य मी एकदा बोललो आणि यंत्राने ते हजार वेळा ऐकवलं, तर मी ते एकदा बोललो की हजार वेळा? पदार्थविज्ञानाप्रमाणे उत्तर सोपं होतं. पण आईला ते पटलं नसतं, आणि हळूहळू मलाही पटेना.

जानेवारीत एका सकाळी मी सातवीच्या वर्गात लोहचुंबक दाखवत होतो. दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात काठी, डोक्याला लाल पटका.

"जगदेव मास्तर कोन?"

"मी."

"बोल."

"काय बोलू?"

"बोल म्हनतो ना. काईबी बोल."

"बसा," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले होते. ते उघडून म्हणाला, "हाच. हाच आवाज. मी धरमसिंग, हिरीचा भाऊ. अन् तू कोन?"

मी त्याला व्हरांड्यात नेलं. शिरपूरला देवळाजवळच्या हॉटेलात त्याने सहावी बाजू ऐकली होती आणि शेवटचा आवाज कोणाचा ते विचारत तो इथवर आला होता.

"माह्या बापाच्या लिंबाचं नाव घेतलं तिनं," तो म्हणाला. "माह्या खांद्याचं घेतलं. तोंडात आलं होतं माह्या, येतो व बाई, येतो. अन् तेवढ्यात तू बोलला. डब्यातून! सारं हाटेल हसलं."

"पण ते तुमच्यासाठीच होतं."

"मंग जवाब तू काहून देल्ला?"

"वेळ संपत होती."

"कोनाची?"

"तबकडीची."

"पुसता येते का?" त्याने विचारलं.

मी समजावून सांगितलं. आवाज रेघेत कोरलेला असतो, आणि तशा हजार तबकड्या निघाल्या आहेत. मग म्हणालो, "पुसायचं कशाला? वैशाखात कमलीचं लग्न आहे. तुम्ही जा ना."

"कसा जाऊ? बहीण रडली, तिले जवाब भेटला. जागा भरली. आता मी जाऊन काय म्हनू, मी बी येतो न्याले? हसतीन लोक. तू बोलला ना, तूच जा." काठी टेकत तो निघून गेला. मी वर्गात आलो. मुलं चिडीचूप होती. मग शेवटच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "मी येतो न्याले."

म्हणजे जे घडावं म्हणून हिरीबाई त्या गोदामात रडली होती, ते जवळजवळ घडलं होतं, आणि नेमकं शेवटच्या पाच सेकंदांत मी ते अडवलं होतं. रविवारी मी बसने मानोऱ्याला गेलो आणि तिथून पायी तांड्यावर.

हिरीबाई अंगणात पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, रचत होती. मला बघून थांबली. "न्याले आले का?"

ती हसत होती की नाही, ते तिच्या तोंडावरून समजेना. मी घडलेलं सगळं सांगितलं. धरमसिंगचे शब्द तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. 'तोंडात आलं होतं' याच्यापाशी दुसऱ्यांदा आलो, तशी ती पऱ्हाटीच्या ढिगावर बसली.

"असं म्हटलं त्यानं? तोंडात आलं होतं?"

"हेच शब्द."

"अन् तुमी खोटं बोलले होते का जी?"

"खोटं नाही. ते रेकॉर्डसाठी..."

"मी रडली ते बी रेकॉर्डसाठीच."

"तुमचं रडणं खरं होतं."

"मंग?"

मोतीबाई दारातून म्हणाली, "म्हटलं नव्हतं का मी, याले काईच समजत नाई."

"तेवढं खरवडून टाका ना," हिरीबाई म्हणाली. "खिळ्यानं."

मी हिशोब केला. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेढे फिरते. पाच सेकंदांचे साडेसहा वेढे. म्हणजे माझं सगळं वाक्य तबकडीवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर रुंदीत बसलं होतं. हजार तबकड्या खरवडणं शक्य नव्हतं. पण माझं वाक्य सुरू व्हायच्या आत सुई उचलता आली असती. मी तिला तसं म्हणालो.

"मंग उचला," ती म्हणाली. "त्याच्यापुढं उचला. जागा खाली करून द्या त्याची."

पुढच्या रविवारी इंद्रभानचा पेटीचा ग्रामोफोन घेऊन मी धरमसिंगच्या तांड्यावर गेलो. तो बाज विणत होता. त्याने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी ओट्यावर पेटी ठेवली, चावी दिली आणि सहावी बाजू लावली. बायका पाण्याचे हंडे तसेच घेऊन थांबल्या. लिंब आला, नदी आली, नाव तीनदा आलं. माझी नजर घड्याळावर होती. तीन मिनिटं चार सेकंदांनी मी सुई उचलली.

सगळीकडे शांतता झाली. हीच ती रिकामी जागा, मी मनात म्हणालो. आता तो बोलेल.

धरमसिंगने दोरी ओढून गाठ मारली. "परत लाव."

मी परत लावली आणि परत उचलली. या वेळी त्याचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही.

"परत."

तिसऱ्यांदा मी सुईकडे हात नेला, तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. त्याची पकड घट्ट होती. पेटीतून माझाच आवाज आला, "रडू नको बाई, मी येतो न्याले." कोणी हसलं नाही. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली.

"तू उचलतो तवा ते रडतच राह्यते," धरमसिंग म्हणाला. "कोनीच तिले काई म्हनत नाई. नको उचलू. राहू दे."

माझ्या लक्षात हे आलंच नव्हतं. मला फक्त माझं वाक्य काढायचं होतं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तू बोलला ना? मंग जा लागन तुले." त्याने मनगट सोडलं. "गाडीवाट मालूम हाय का?"

"नाही. मी बसने गेलो होतो."

"लगनाच्या घरी मामा का बसनं जाते? लुगडं, बांगड्या, भांडं घेऊन?" तो पुन्हा बाजेकडे वळला. "गाडी माही. मी येतो तुह्या संगं. वाट दाखवाले."

तो रागावला होता, थट्टा करत होता की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही. वाटेत दोन दिवस त्याच्या शेजारी बसूनही कळलं नाही.

वैशाखात आम्ही गेलो. त्याने कमलीसाठी काचा लावलेली लाल ओढणी घेतली होती. माझ्या आईने हिरवं लुगडं दिलं होतं, कारण पंचा दिल्यावर लुगडंही द्यावं लागतं असं तिचं म्हणणं. तांडा दिसायला लागला तसा धरमसिंगने बैलांचा वेग कमी केला, आणि मग गाडी थांबवलीच. हिरीबाई वाटेवर आली होती. कमरेला माझा पंचा होता.

ती जवळ आली. एका हाताने तिने धरमसिंगच्या खांद्यावरचं उपरणं धरलं. दुसऱ्या हाताने माझी बाही धरली आणि ढावलो सुरू केला. पुन्हा लिंब, पुन्हा नदी. पण आता त्याच्यापुढेही होतं. आठ वर्षांतलं एकेक होतं, गोदामात मावलं नव्हतं ते सगळं होतं. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली. मागे बायका उभ्या होत्या, कमली होती. आम्ही दोघं गप्प.

धरमसिंगने मला कोपराने ढोसलं. "म्हन ना."

"तुम्ही म्हणा," मी कुजबुजलो.

"तुह्या आवाजाची सवय हाय तिले."

"भाऊ तुम्ही आहात."

"म्हन रे लेका, ते दमून राह्यली!"

मी तोंड उघडलं. त्याच वेळी त्यानेही उघडलं. दोन हात एकदम तिच्या डोक्याकडे गेले आणि एकमेकांवर आपटले. कोणाचं वाक्य आधी पोचलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी दोघातिघांना विचारून पाहिलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं. ढावलो थांबला, एवढं मात्र खात्रीने सांगतो.